रांगेसाठी घेतलेले बूट

वाल्देसेर्दा, २१ मे

कासिल्दा,

काल संध्याकाळच्या बसने घरी पोचलो. तब्येत बरी आहे. फक्त डाव्या टाचेचं साल निघालंय, तो पाय मिठाच्या पाण्यात सोडून तुला लिहितोय. फोन करणार होतो, पण फोनमध्ये मला हल्ली माणसाचा आवाज कमी आणि शिट्टी जास्त ऐकू येते. शिवाय बहिणीशी बोलायला मला कागदच बरा वाटतो, कागद घाई करत नाही.

आपल्या नोएलियाचं पहिलं कम्युनियन चांगलं झालं, वेदीपाशी पहिला प्रसाद घेताना पोरगी जराही डगमगली नाही. पांढरा झगा जमिनीवर लोळत होता, तो दोन्ही हातांनी उचलून पोरगी चर्चच्या पायऱ्या चढली तेव्हा मला आपली आई आठवली. पण माझं लक्ष सगळं पायाकडे. मी ते काळे बूट घातले होते, तुझ्या ब्लासच्या अंत्यविधीला घातले होते तेच. चांगले म्हणावेत असे माझ्याकडे तेवढेच. चर्चपासून जेवणाच्या जागेपर्यंत सगळे चालत निघाले आणि मी मागे पडलो. मार्गाने वळून पाहिलं आणि फेर्मिनला म्हणाली, "बाबांना केकच्या गाडीतून पाठव, नाहीतर जेवण गार होईल." माझी सून हळू बोलते असं तिला वाटतं. मग मी केक मांडीवर घेऊन पोचलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या केकसाठी होत्या.

आता मुद्द्याचं सांगतो. कम्युनियनची भेट म्हणून पोरीला जूनच्या शेवटी तुमच्याकडच्या त्या 'सात समुद्र' पार्कात नेणार आहेत. जेवण झाल्यावर नोएलिया माझ्याजवळ आली, बाही धरून म्हणाली, "आजोबा, तू आलंच पाहिजेस. तुझ्याशिवाय मजा नाही." मी म्हटलं, "अगं, मी काय करू तिथे? मला झुल्यात बसवलं तर आतडी तोंडात येतील." ती म्हणाली, "तू बसू नकोस रे. पण ड्रॅगनच्या झुल्याला दोन-दोन तास रांग असते."

कासिल्दा, दोन तास. सारागोसात त्यांच्याकडे गेलो की ती पोहण्याच्या क्लासहून येते आणि इंग्रजीच्या क्लासला जाते, मधल्या वेळात मला एक पापी मिळते. आणि ही पोरगी स्वतःहून म्हणते की माझ्याबरोबर रांगेत उभा राहा. मी लगेच हो म्हणालो. मार्गासुद्धा लांबून बघून हसली.

तेव्हापासून मला झोप नाही. दिवसभर चालायचं, उभं राहायचं, ते कशावर? तू त्या पार्कच्या शेजारी राहतेस, ब्लासबरोबर जाऊन आलीयस. पायात काय घालू ते नीट लिही. मला मागे पडायचं नाही, एवढं एकच.

एलादिओ


कालाब्लांका, २८ मे

अरे एलादिओ,

अंत्यविधीचे बूट घालून कम्युनियनला कोण जातं? टाच सोलली ते बरंच झालं, आता तरी ते बूट मेलेल्यांसाठी ठेव.

ऐक. तिथे सगळीकडे सिमेंट आहे. आपल्याकडची माती पावलाखाली जरा दबते, सिमेंट ढिम्म हलत नाही. म्हणून तळ जाड हवा, आणि तो बोटांपाशी वाकला पाहिजे. मधोमध वाकणारा बूट घेऊ नकोस. टाच घट्ट धरलेली हवी, पुढे बोटांना हालचालीला जागा हवी. बूट दुपारनंतर विकत घे, कारण दुपारनंतर पाय सुजतात. सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावतो. मोजे शिवण नसलेले घाल आणि एक जोडी खिशात ठेव. दोरीच्या तळाच्या अल्पार्गाता अजिबात नकोत. तिथे एका झुल्यावरून पाणी उडतं, तळ पाणी पितो आणि मग तू ओले पाव पायाला बांधल्यासारखा चालशील. आणि नवेकोरे बूट त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नकोस, आधी गावात वापरून मऊ कर. चालण्यापेक्षा उभं राहणं जास्त जीव घेतं, हे लक्षात ठेव.

पण तू एवढा घोर लावून घेऊ नकोस. तुला काही फार चालावं लागणार नाही.

फेर्मिनचं आणि माझं बोलणं झालंय. सगळे माझ्याकडेच उतरणार आहेत. हॉटेल नको म्हणाले. ब्लास गेल्यापासून या घरात चार माणसांची ताटं लागलेली नाहीत. मी आत्ताच पडवीला चुना लावायला घेतलाय.

आणि हो, तुझ्या कमरेखालचं माप पाठव. बसल्यावर किती रुंद भरतोस ते. तुझ्यासाठी स्वेटर विणायचाय.

कासिल्दा


वाल्देसेर्दा, ६ जून

कासिल्दा,

जूनमध्ये स्वेटर कोण विणतं, आणि स्वेटरला बसल्यावरचं माप कशाला लागतं, ते तुलाच माहीत. पण तू म्हणालीस म्हणून घेतलं. मला माझी मागची बाजू दिसत नाही, म्हणून तोमासाने तिच्या बारमध्ये शिंप्याची फीत आणून घेतलं, सगळ्यांच्या देखत. म्हणाली, "एलादिओ, असं माप खोगीर बनवताना घेतात." दोन दिवस गावात तोच विषय. माप मागच्या बाजूला लिहिलंय.

बुटांचं अजून काही जमलेलं नाही. आधी औषधाच्या दुकानात गेलो. तिथल्या बाईने पांढरे भोकाभोकांचे दिले, नर्सा घालतात तसले. पाय त्यात सुखी होता. पण बारमध्ये शिरलो तर एकेकाने बाही वर केली. "डॉक्टर, जरा रक्तदाब बघता का?" "डॉक्टर, तोमासाच्या कॉफीने मेलो तर जबाबदार कोण?" मी परत करून आलो. नोएलियाने लाजावं असं मला पायात काही नको.

मग मंगळवारच्या बाजारातून खेळाडूंचे घेतले. त्यांच्या तळात हवा भरलेली असते म्हणे. वरच्या डोंगरावरच्या देवळापर्यंत चालून पाहिलं. जाताना ठीक, येताना एका पायातून बदकासारखा आवाज यायला लागला. कुत्री मागे लागली. तेही गेले.

मग तू दुपारनंतर सांगितलंस म्हणून बसने आल्कान्यिसला गेलो. पाय सुजावा म्हणून मुद्दाम उन्हातून चाललो. पाय चांगला सुजला आणि दुकान बंद. दुपारी दोन ते पाच सगळं स्पेन झोपतं हे मला या वयात कोणी सांगायची गरज नव्हती, पण बुटांच्या काळजीत ते सुचलंच नाही. दुकान उघडेपर्यंत पायरीवर सावलीत बसलो आणि सूज उतरली. आत गेल्यावर पोरगा म्हणाला, "आजोबा, हा नंबर परफेक्ट." मी घेतले नाहीत. त्याला माझा खरा पाय दिसलाच नव्हता.

आता मी काय करू? दिवस कमी राहिलेत. तू पुन्हा लिही. आणि 'फार चालावं लागणार नाही' असं का लिहिलंस? पार्क लहान आहे का?

एलादिओ


कालाब्लांका, ११ जून

एलादिओ,

तुझं पत्र वाचून शेजारणीला बोलावून वाचून दाखवलं, बदकाजवळ आम्ही दोघी थांबलो आणि पोट धरून हसलो.

पार्क मोठा आहे. पण जागोजाग बाकं आहेत. तू कुठलेही घाल रे. खरं सांगते, कुठलेही चालतील. अल्पार्गाताच घालायच्या असतील तर त्या घाल.

चुना लावून झाला. खाटांवर नवी अंथरुणं टाकली. नोएलियासाठी गच्चीवरची खोली काढलीय, तिथून समुद्र दिसतो. मार्गाला माकळीचा भात आवडतो असं फेर्मिन म्हणाला, तर कोळिणीला सांगून ठेवलंय. मला कंटाळा येतो म्हणणारी मी, आता दिवस पुरत नाही.

येताना गुडघ्यांवर घ्यायला एखादं पातळ पांघरूण आण. नसेल तर माझ्याकडे आहे.

आणि नवे घेतलेसच तर कळव, चावतात का ते.

कासिल्दा


वाल्देसेर्दा, १९ जून

कासिल्दा,

जूनमध्ये आधी स्वेटर, आता पांघरूण. तुमच्या समुद्रावर बर्फ पडतो का? आणतो, तू म्हणतेस तर.

बूट मिळाले. आल्कान्यिसला पुन्हा गेलो, या वेळी पाचनंतर पोचेन अशा बसने. राखाडी आहेत, पुढून रुंद, बंदाऐवजी चिकटपट्टी. जास्त वाकावं लागत नाही. तोमासा म्हणाली, "हे बूट घालून तू पहिल्यांदा माणसासारखा दिसतोस." मी रोज सकाळी देवळापर्यंत जाऊन येतो. पहिल्या दिवशी करंगळीला जरा लागले, आत ओला कागद कोंबून ठेवले, आता नाही लागत.

पण चालणं ही अर्धीच तयारी झाली, उभं राहणं जास्त जीव घेतं असं तूच लिहिलंस. म्हणून मी बेकरीत उभा राहायचा सराव करतो. सकाळी जातो, दारातून विचारतो, "शेवटचा कोण?" कोणीतरी म्हणतं, "मी." मग नवीन बाई आली की मी तिला पुढे सोडतो आणि पुन्हा शेवटचा होतो. असं पाव संपेपर्यंत. बेकरीवाली आउरोरा आधी हसली, मग तिने फेर्मिनला फोन लावायची धमकी दिली. म्हणाली, "काका, डोकं ठिकाणावर आहे ना?" मी खरं सांगितलं. तेव्हापासून माझ्यासाठी एक पाव बाजूला ठेवते आणि म्हणते, "उभे राहा, काका, उभे राहा."

रांगेत बोलायचं काय तेही ठरवलंय, नाहीतर दोन तासांत माझी जीभ जड व्हायची. बिशपची टोपी खाल्लेल्या आपल्या खेचराची गोष्ट तिला माहीत नाही. तू विहिरीत पडलीस आणि आईने आधी बादली काढली, तीही माहीत नाही. तिची आजी मला पहिल्यांदा कुठे दिसली ते तर मी फेर्मिनलाही सांगितलेलं नाही, ते ड्रॅगनच्या रांगेसाठी ठेवलंय. ती सगळ्यात लांब आहे ना.

शुक्रवारी संध्याकाळी पोचतो. बूट दाखवतोच.

एलादिओ


कालाब्लांका, १ जुलै

एलादिओ,

तोमासाशी फोनवर बोलले. तू घरी आहेस, टोमॅटोला पाणी घालतोयस आणि फोनवर यायला तयार नाहीस, असं तिने सांगितलं. म्हणजे जिवंत आहेस. आता मला ओरडायला हरकत नाही.

असं न सांगता कोणी जातं? मी इकडे घरी भात करत होते आणि तिकडे ड्रॅगनवरून उतरून पोरं बघतात तर आइस्क्रीमच्या गाडीजवळ ब्लासची चाकाची खुर्ची रिकामी, त्यावर पांघरूण नीट घडी करून ठेवलेलं, आणि सगळ्यांच्या पिशव्या पट्ट्याने खुर्चीला अडकवलेल्या. फेर्मिनला वाटलं तुला कोणी उचलून नेलं. त्याने पार्कच्या माणसांना सांगितलं. काय सांगणार? सकाळपासून प्रत्येक दारावर 'वडिलांना चालता येत नाही' म्हणून सांगत आला होता, आता कोणत्या तोंडाने म्हणणार की ते चालत गेले असतील? मग लाउडस्पीकरवर सुरू झालं, 'चालू न शकणारे एक वृद्ध गृहस्थ हरवले आहेत'. माणसं पळत सुटली, झुडपं बघितली, तळ्याच्या काठाने गेली. बाहेरच्या दारावरची पोरगी म्हणाली, "असं कोणीच गेलं नाही. एक आजोबा गेले, पण ते तर चांगले झपाझप चालत होते."

फेर्मिनचं तोंड बघवत नव्हतं म्हणे. रात्री कोणी भाताला हात लावला नाही. नोएलिया रडली. दुसऱ्या दिवशी सकाळीच निघून गेले, आठवडाभर राहणार होते.

एवढं काय आभाळ कोसळलं? एक दिवस बसलास. ब्लास दोन वर्षं बसला, त्याने कधी तोंड फिरवलं नाही.

कासिल्दा


वाल्देसेर्दा, ५ जुलै

कासिल्दा,

माझी पिशवी तुझ्याकडे राहिली. त्यात दाढीचं सामान आणि मोज्यांची जोडी आहे. बसवाल्याकडे दे, तो तोमासाच्या बारमध्ये टाकेल.

पांघरूण तुझंच होतं. माझं पिशवीत आहे.

एलादिओ


कालाब्लांका, १० जुलै

एलादिओ,

पिशवी पाठवली. मोजे धुतलेत.

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं तरी. तू असं लिहिण्यापेक्षा शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

तुला विचारायचं नाहीये की तुला कधी कळलं, मीच सांगते मला कधी कळलं होतं. आधीपासून. त्यांचा मोबाईलवर एक गट आहे, सगळ्या कुटुंबाचा. तू त्यात नाहीस कारण तुझ्याकडे तसला फोन नाही. मार्गाने तिथे एप्रिलमध्येच विचारलं होतं, 'कासिल्दा आत्या, काकांची खुर्ची अजून आहे का?' ब्लासला आम्ही तिथे नेलं होतं तेव्हा वेगळ्या दाराने लगेच आत सोडायचे, त्याच्याबरोबर सगळ्यांना. ते मी तेव्हा गटात लिहिलं होतं आणि तिच्या लक्षात राहिलं होतं. मी म्हटलं, आहे. मग फेर्मिन म्हणाला, बाबा तयार होणार नाहीत. मार्गा म्हणाली, नोएलियाने विचारलं तर होतील. मी त्यावर काही लिहिलं नाही, फक्त तो अंगठा पाठवला. अंगठा पाठवणं सोपं असतं.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी तुला सांगणार होते. खरंच सांगणार होते. पण तू बुटांबद्दल इतकं मन लावून विचारलं होतंस. मला वाटलं, बुटांत रमलाय तर रमू दे, त्या दिवशी थोडा कुरकुरेल आणि बसेल. म्हणून मी तुला ते तळाचं आणि टाचेचं सगळं लिहिलं. ते खोटं नव्हतं. ब्लासचे पाय धड होते तेव्हा मी त्याच्यासाठी तसेच बूट शोधायची.

खुर्चीला मी तेल दिलं. तुझ्या मापाची गादी शिवली. हेही सांगते, म्हणजे नंतर तुला दुसऱ्या कोणाकडून कळायला नको.

आणि आता जे कोणालाच सांगितलं नाही ते. फेर्मिन माझ्या घरी सात वर्षांत आला नव्हता. ब्लासच्या मातीला आला तो थेट चर्चमध्ये आणि तिथूनच परत. खुर्ची नसती तर ते हॉटेलात उतरले असते, मला ठाऊक होतं. मला ते ठाऊक होतं आणि तरी मी चुना लावला. तुला खुर्चीत बसवायला नेलं आणि मला खुर्चीसाठी गाठलं, एवढाच आपल्या दोघांत फरक.

तू चालत गेलास हे ऐकून मला आधी राग आला. नंतर मी पडवीत त्या रिकाम्या खुर्चीसमोर जाऊन बसले.

लिही. शिव्या दे, पण लिही. आणि एवढा लांब चाललास तर बूट चावले का तेही.

कासिल्दा


वाल्देसेर्दा, २४ जुलै

कासिल्दा,

पिशवी मिळाली. लिहायला वेळ लागला कारण दोनदा लिहून फाडलं. शिव्या मला लिहिता येत नाहीत, त्या बोलायच्या असतात.

त्या शनिवारी सकाळी मी बूट घालून खाली आलो. पडवीत खुर्ची होती. मला वाटलं तू ब्लासची आठवण म्हणून ती झाडून-पुसून ठेवतेस, आणि मला तुझी कीव आली. मग फेर्मिन म्हणाला, "बाबा, फक्त दारापुरतं." मार्गा म्हणाली, "हल्ली सगळेच करतात." मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्या बुटांकडे बघितलंस आणि म्हणालीस, "छान आहेत." मग माझ्या गुडघ्यांवर पांघरूण घातलंस, बूट झाकले जातील असं. मी तेव्हाच उठायला हवं होतं. पण नोएलिया टोपी घालून दारात उड्या मारत होती.

फक्त दारापुरतं नव्हतं. प्रत्येक झुल्याला वेगळं दार होतं. तिथला पोरगा माझ्या कानाशी वाकून मोठ्याने बोलायचा, लोक आपल्या मुलांना बाजूला ओढून वाट करून द्यायचे. एका बाईने माझ्या खांद्यावर हात ठेवून 'देव भलं करो' म्हटलं. ते आत जायचे, झुल्यात बसायचे, उतरायचे, की पुढचा झुला. मी बाहेर पिशव्या सांभाळत. रांगच नव्हती, कासिल्दा. रांग नाही म्हणून बोलणं नाही. मी खेचराची गोष्ट सुरू केली तर बिशप यायच्या आधी आमचा नंबर आला.

ड्रॅगनच्या झुल्याजवळ खऱ्या माणसांची रांग होती, कठड्याच्या आत वळणं घेत गेलेली. तिच्यात माझ्याच वयाचा एक माणूस कठड्याला टेकून नातवाला काहीतरी सांगत होता आणि तो पोरगा वाकून वाकून हसत होता. आम्ही त्यांच्या शेजारून गेलो. त्याने मला बघून टोपी काढली.

दुपारी बँड वाजत आला. मला कळलं नाही, माझा पाय पांघरुणाखाली ठेका धरायला लागला. नोएलिया वाकली आणि माझ्या कानात म्हणाली, "आजोबा, पाय हलवू नकोस ना. कोणी बघेल."

तिने ते वाईट मनाने म्हटलं नाही. ती आइस्क्रीम खात होती. मी विचारलं, "नोएलिया, कम्युनियनच्या दिवशी तू मला का बोलावलंस?" तिने चाटता चाटता सांगितलं, "आई म्हणाली तू विचार, आजोबा तुला नाही म्हणत नाही." मग तिला हाक आली आणि ते पुन्हा ड्रॅगनवर गेले.

ते मी तुला मागच्या पत्रात लिहिलं नाही. आत्ताही लिहायचं नव्हतं. तुझं पत्र वाचलं आणि मला ते धरून ठेवता आलं नाही. तू म्हणतेस आपल्या दोघांत एवढाच फरक. नाही, कासिल्दा. मार्गाने पोरीच्या तोंडात घातलेलं वाक्य तू अंगठ्याने मान्य केलंस. मला मात्र ते ऐकायचं होतं, आणि मी ते ऐकून महिनाभर बूट शोधले, देवळापर्यंत चाललो. फेर्मिनचा मला राग आला, तो येतो आणि जातो, मुलांचा येतोच. तुझ्याबद्दल जे वाटतं त्याला नाव काय ते मला ठाऊक नाही. तू मला टाच घट्ट धरलेली हवी म्हणून लिहीत होतीस तेव्हा तुझ्या मांडीवर ती गादी होती का, एवढंच मनात येतं.

मी खुर्चीतून उठलो, पांघरुणाची घडी केली, पिशव्या नीट अडकवल्या. पण मी लगेच दाराबाहेर गेलो नाही. तुम्हा सगळ्यांना तसं वाटतंय. मी वळसा घालून ड्रॅगनच्या मोठ्या रांगेशी गेलो आणि विचारलं, "शेवटचा कोण?" एका जाड्या मुलाने हात वर केला. मी त्याच्यामागे उभा राहिलो.

पूर्ण रांग उभा राहिलो, कासिल्दा. वरती लाउडस्पीकर मला हाका मारत होता, न चालणारा म्हातारा हरवलाय म्हणून. सगळे इकडे तिकडे बघत होते, मीही बघितलं. फेर्मिन कठड्याच्या पलीकडून माझ्यासमोरून दोनदा गेला. तो बाकांवर बघत होता, सावल्यांत बघत होता, दुसऱ्यांच्या चाकाच्या खुर्च्यांत वाकून बघत होता. उभ्या माणसांकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. मी त्याला हाक मारू शकलो असतो. तोंड उघडलंही होतं.

माझा नंबर आला तेव्हा झुल्यावरच्या पोराने विचारलं, "आजोबा, एकटेच?" मी म्हटलं, "मला बसायचं नाही, मला फक्त उभं राहायचं होतं." तो हसला आणि त्याने बाजूची साखळी काढून मला बाहेर सोडलं. मग मी समुद्राच्या कडेने बसच्या थांब्यापर्यंत चालत गेलो.

हे फेर्मिनला सांगू नकोस. त्या गटात तर नाहीच. अंगठाही पाठवू नकोस.

तू दोनदा विचारलंस म्हणून सांगतो. बूट चावले नाहीत. कुठेच नाही.

एलादिओ